फळ्याची डावी बाजू

"नको म्हणजे नको, नर्सबाई. माझं नाव फळ्याच्या डाव्या बाजूला चढवायचं नाही," शिंपी मास्तर म्हणाले.

नर्सबाईंनी ताट जरा आदळूनच टेबलावर ठेवलं. महिन्याभरात सातव्यांदा विषय निघाला होता आणि सातव्यांदा म्हातारा अडून बसला होता. आता काय डोकं फोडून घ्यायचं?

फळा चर्चच्या मागच्या खोलीत होता. ज्याला मदत हवी त्याचं नाव डावीकडे, मधे काम, आणि ते करणाऱ्याचं नाव उजवीकडे. डावीकडे कुणी स्वतःचं नाव लिहायचं नाही, ते दुसऱ्याने लिहायचं, अशी मंडळीची जुनी रीत. उजव्या बाजूला तीस वर्षं नर्सबाईंचं नाव कधी पुसलं गेलं नव्हतं.

पण दोन महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले. चार वर्षं अंथरुणाला खिळून होते, सगळं बाईंनीच केलं. मातीहून परतल्यापासून नर्सबाई चर्चची पायरी चढल्या नव्हत्या. "कशा आहात?" असं कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणायचं, एवढंही त्राण उरलं नव्हतं. मंडळीतल्या दोघी-तिघी भांडी झाकून घेऊन आल्या, त्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. मग पाळक आले. प्रार्थना झाली. उठता उठता ते म्हणाले, "मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एकटेच आहेत हो घरात. दुपारी त्यांच्याबरोबर जेवाल का?"

जन्मभर पेशंट सांभाळलेली बाई. नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून रोज दोन जिने चढायचे. मास्तरांना आगीपुढे उभं राहायला मनाई, म्हणून स्वयंपाक त्यांच्याच ओट्यावर करायचा. त्यातून म्हाताऱ्याच्या खोडी काय कमी! समोर कुणी जेवत नसेल तर यांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून नर्सबाईंनीही ताट घ्यायचं. एक वाजता डोळ्यात थेंब, पुन्हा तीनला. मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं म्हटलं तर गुडघे साथ देत नव्हते. त्या खिडकीजवळच्या आरामखुर्चीत टेकायच्या, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागायचा. घरी रात्र रात्र छताकडे बघत काढणारी बाई इथं ढाराढूर.

"घोरत होते का हो?" त्या ओशाळून विचारायच्या.

"माझ्या मशीनपेक्षा कमीच."

खरं तर एव्हाना थेंब बंद व्हायला हवे होते. पण डॉक्टर तितक्या पद्धती, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला. विचार करायलाही अंगात जोर लागतो.

आज मात्र त्या ठरवूनच आल्या होत्या. सकाळी जिन्यात त्यांना घेरी आली होती. कठडा हाताशी नसता तर हाडं मोडून घेतली असती. उद्या आपणच पडलो तर या माणसाकडे कोण बघणार? आणखी चार जण हाताशी हवेत, आणि त्यासाठी मास्तरांचं नाव फळ्यावर लागायलाच हवं.

"मास्तर, मी थकलेय," त्या म्हणाल्या. एवढं सरळ त्या कुणापाशीच बोलल्या नव्हत्या. "खूप थकलेय. एकटीच्याने नाही होत आता."

मास्तरांचा हात ताटातच थांबला.

"दिसतंय मला," ते म्हणाले.

"मग हट्ट कसला? मंडळी आहे कशाला? नुसती गाणी म्हणायला? प्रभूनेसुद्धा वाटेत क्रूस दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊ दिला. नको, माझं मी बघतो, असं म्हणाला का तो? आणि तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

"द्यायला सोपं असतं, नर्सबाई. घ्यायला जड जातं."

"जड जातं म्हणून तर घ्यायचं! सगळ्यांनी नुसतं देतच सुटायचं ठरवलं तर घेणार कोण? तो सगळा अहंकार आहे, मास्तर. भक्तीचा अंगरखा घातलेला अहंकार."

"अंगरख्यातलं मला शिकवता?" मास्तर हसले. मग डोळे टिपत त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता, तर घेतली असती मदत?"

"मला काय धाड भरलीय न घ्यायला?"

"नाव फळ्यावर लागलं असतं तरी?"

"तरी. त्यात कसला आलाय कमीपणा?"

मास्तरांनी ताटात उरलेलं सावकाश संपवलं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला.

"हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललात बरं का," शेवटी ते म्हणाले. "मग जा. आत्ताच जा. तुम्हाला योग्य वाटेल ते फळ्यावर करून या. मी काही बोलणार नाही."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण पायांत गोळे आले होते, आणि चर्चपर्यंतचं दहा मिनिटांचं अंतर त्यांना कोसभर वाटलं. शनिवारची दुपार, आत चिटपाखरू नव्हतं. बरंच झालं, कुणाला तोंड द्यायला नको. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी खडू घेतला, चष्मा चढवला, आणि डाव्या बाजूला मोकळी जागा शोधू लागल्या.

सुताराची बायको, बाळंतपण. पोस्टमनची आई, दवाखान्यात ने-आण. खालच्या ओळीतलं अक्षर पाळकांचं होतं, आणि शेजारी तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

डावीकडे लिहिलं होतं, नर्सबाई. मधे, रोज दुपारचं जेवण आणि दोन तास झोप. उजवीकडे, शिंपी मास्तर.