थांबतो

“आता मी थांबतो,” आबा म्हणाले, आणि पक्षाच्या दर अधिवेशनात उठायचा तो गलका सभागृहात उठला.

“नाही, नाही! आबा, तुमच्याशिवाय पक्ष कसा चालेल?”

उपाध्यक्ष तर पुष्पगुच्छ घेऊन उठून उभेही राहिले. आता आबा मान झुकवणार, “तुमचा आग्रहच असेल तर...” म्हणणार आणि टाळ्यांच्या कडकडाटात पुन्हा अध्यक्ष होणार, हे सगळ्यांना पाठ होतं.

पण यंदा आबांना खरोखरच खुर्ची सोडायची होती. गंमत अशी, की ते कुणाला पटतच नव्हतं.

“अहो, थांबतो थांबतो काय!” पहिल्या रांगेतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “थांबतो म्हणजे जातो की राहतो, ते एकदा नीट सांगा. इतकी वर्षं थांबतो म्हणताय, आणि थांबताच आहात!”

सभागृह खो खो हसलं. आबांनाही हसू आवरेना. त्यांनी चष्मा पुसला, माइक जवळ ओढला.

“बरं. मग मी निघतो.”

याला काय म्हणायचं, हे कुणालाच पाठ नव्हतं.

“निघतो म्हणजे... चहाला?” उपाध्यक्षांनी हळूच विचारलं.

“पदावरून. ज्यांना अध्यक्ष व्हायचंय त्यांनी उभं राहावं. हात मोजून ठरवू.”

उपाध्यक्ष उभेच होते, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. मग अगदी शेवटच्या रांगेत एक हात वर झाला. दवाखान्यातल्या नर्सताईंचा. तो हात आबांच्या चांगला ओळखीचा होता. दर अधिवेशनात तो वर यायचा, आणि आबा म्हणायचे, “ताई, जरा थांबा, शेवटी घेऊ.” शेवटी चहा यायचा. ताईंची पाळी काही यायची नाही.

“आता थांबत नाही, आबा,” ताई म्हणाल्या. “मी उभी राहतेय.”

हात वर झाले, मोजले गेले. उपाध्यक्षांच्या आग्रहावरून पुन्हा मोजले गेले. दोन्ही वेळा ताईच निवडून आल्या. उपाध्यक्षांनी गुच्छाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि तो त्यांच्या हाती देत म्हणाले, “घ्या. त्याच त्या माणसाला देऊन मलाही कंटाळा आला होता.” सगळ्यांत मोठ्याने आबाच हसले.

मंचावरून उतरून ते थेट मागे गेले आणि ताईंच्या रिकाम्या खुर्चीत बसले. इथून मंच केवढा लांब दिसत होता! माणसं पुसटच. माइकवरचा अर्धा शब्द वाटेतच विरत होता. आबांना एकदम काहीतरी सुचलं आणि त्यांनी हात वर केला.

“आबा, जरा थांबा,” मंचावरून नव्या अध्यक्षांचा आवाज आला. “तुमच्या आधी तिघांचे हात वर आहेत.”

“थांबतो की!” आबा खुशीत ओरडले.

या वेळी कुणीही “नाही, नाही” म्हणालं नाही.