पेट्रोलवरचं इंजिन

मुठीत मावेल एवढं ते मॉडेल विमानाचं इंजिन अंगणातल्या टेबलाला बोल्टांनी आवळलेलं होतं. निवृत्त फिटरने त्याचा ग्लो प्लग काढून स्पार्क प्लग बसवला, पंख्यामागे लोहचुंबकाचा तुकडा चिकटवला आणि कॉइलची वायर जोडली. तीन आठवडे त्याने यात डोकं खपवलं होतं.

"बाबा, कशाला एवढा आटापिटा?" मुलगी दारातून म्हणाली. "आईला आता कशानेच फरक पडणार नाही, डॉक्टर म्हणालेत ना?"

"दोन महिन्यांपूर्वीपर्यंत पडत होता."

ते खरं होतं. रोज पाचला तो इंजिन लावायचा. बायको आतून यायची, "आलात?" म्हणायची, आणि पुढची दहा मिनिटं तो तिचा नवरा असायचा. एरवी ती त्याला ओळखत नव्हती. मग त्या इंजिनाचं इंधन, मिथेनॉल, मिळेनासं झालं, दुकानदाराने हात वर केले. पेट्रोल मात्र कोपऱ्यावर मिळत होतं. जन्मभर कानाने इंजिनं तपासलेला माणूस तो. ती आवाज ऐकूनच येते, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"आणि मिथेनॉलमध्ये वंगणाला घालायचात ते एरंडेल? ते नाही घातलं?" मुलीने विचारलं.

"पेट्रोलात नीट मिसळत नाही, तळाशी बसतं. स्कूटरचं ऑइल घातलंय. इंजिनाला काय, फिरल्याशी मतलब."

पाचला त्याने काठीने पंखा झटकला. एकदा, चारदा, वीसदा. इंधनाची सुई पाव फेरा मागे घेतली, पुन्हा झटकला. इंजिन सुरू झालं. आवाज अगदी तोच, उलट जास्तच खणखणीत. म्हाताऱ्याला आनंदाने हसू आवरेना.

बायको लगबगीने दारात आली आणि थबकली. तिने हवेत वास घेतला, पुन्हा घेतला. इतकी वर्षं विमानं उडवून आल्यावर त्याच्या शर्टांना येणारा, जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास कुठेच नव्हता. मग परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीने म्हणाली,

"मिस्त्री, स्कूटर झाली असेल तर भिंतीला लावून ठेवा. हे पाचला येतात. येतीलच आता."

मुलीने तोंड फिरवलं. फिटरने कॉइलची वायर काढली आणि पंखा थांबेपर्यंत तो त्याच्याकडेच बघत राहिला.

"बरं, वहिनी," तो म्हणाला.