महिना चुकला

पुंजाजी रिसोडहून जीपनं परतले, तेव्हा अंगणातले सहाही मोगरे गुडघ्याएवढे झाले होते. सकाळी हरभरा विकायला निघताना तीच झुडपं त्यांच्या छातीला लागत होती.

साधना छाटलेल्या काड्या गोळा करत होती. माघात लग्न होऊन ती या घरात आली होती. सासऱ्यांना पाहून ती हसत उभी राहिली.

"मामाजी, छाटणी केली. मोबाईलवर व्हिडिओत सांगत होते, थंडी सरली का छाटा म्हनून."

पुंजाजींनी ढिगातली एक काडी उचलली. कोवळ्या पानांच्या आड तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या होत्या. दुसऱ्या काडीलाही. तिसरीलाही.

साधनाला त्या आत्ता दिसल्या. हनुमान जयंती आठ दिवसांवर होती. त्या दिवशी मारुतीला पहिला हार पुंजाजींच्या मोगऱ्याचा, हे केनवड गावात आल्यापासून दहा जणांनी तिला सांगितलं होतं.

"मले समजलंच नाई," ती कशीबशी म्हणाली.

पुंजाजी एका झुडपापाशी उकिडवे बसले आणि छाटलेलं टोक अंगठ्यानं चाचपू लागले. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. साधना कैची हातात धरून तशीच उभी. सहावं झुडूप पाहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"तिरपा काप. पान फुटते त्या डोळ्याच्या बरोबर वर. एकाबी काडीची साल फाटली नाई. कोनं शिकवलं?"

"कोनीच नाई. पाहून पाहून केलं."

"मले असा काप जमाले दहा सालं लागले, पोरी. हात लय चांगला हाय तुहा. नुसता महिना चुकला. मोगरा पौषात छाटा लागते, आधी पानी देनं बंद करून. चैतात त्याले कैची दाखवाची नाई."

तेवढ्यात मारुतीच्या देवळाचं पाहणारे जगदेव रस्त्यावरून जाता जाता फाटकाशी थांबले.

"पुंजाजीभाऊ, हे काय हो? आता देवाचा हार? कोनं छाटला मोगरा?"

साधनानं बोलायला तोंड उघडलं.

"म्या," पुंजाजी म्हणाले.

"तुमी? चैतात? साऱ्या गावाले छाटणीचा महिना तुमी सांगता!"

"झाली चूक. म्हातारा झालो आता. औंदा देवाले झेंडू वाहू. दीड महिन्यानं याले फूल येईन, तवा हार घेऊन येतो."

जगदेव हसले, डोकं हलवत निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पारावर पोचणार, हे पुंजाजींनाही ठाऊक होतं.

"मामाजी, तुमी काहून..."



पुंजाजी गुडघ्यावर हात टेकून उठले.

"कैची पुसून ठेव," ते म्हणाले. "ओली राह्यली का गंजते. पौषात तुलेच लागन."