आठ वाजताची पातळी

आठ वाजून दोन मिनिटं झाली तरी कळमनुरीचा आवाज येईना, तेव्हा देविदासनं तिसऱ्यांदा केसांवरून कंगवा फिरवला.

"वायरलेसवर केस दिसत न्हाईत रे," दारात बसलेला तातेराव म्हणाला. तातेराव धरणाचा चौकीदार. वयानं मोठा, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला कायम मोकळा.

देविदासनं कंगवा खिशात ठेवला. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. रोज सकाळी भिंतीच्या पायऱ्या उतरायच्या, पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची, रात्रीचा पाऊस मापायचा आणि आठच्या ठोक्याला दोन्ही आकडे कळमनुरीच्या ऑफिसाला सांगायचे. तिकडून शिला ते लिहून घ्यायची.

यंत्र खरखरलं.

"धरण, धरण, कळमनुरी. पातळी सांगा. ओव्हर."

"चारशे चाळीस दशांश एक शून्य. ओव्हर."

"आणि पाऊस?"

पाऊस देविदास मुद्दाम विसरायचा. तेवढेच तिचे दोन शब्द जास्त ऐकायला मिळायचे.

"बारा मिलिमीटर."

"आणखी काही? ओव्हर."

देविदासनं बटण दाबलं.

"निरंक," तो म्हणाला.

निरंक म्हणजे काही नाही. सरकारी शब्द, पण त्याच्या फार कामाचा. अख्खा पावसाळा शिला रोज विचारत होती आणि हा पठ्ठ्या रोज निरंक म्हणत होता. मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि संध्याकाळी एका बाजूनं कच्ची राहिलेली भाकरी एकट्यानं खायचा.

एक अडचण खरीच होती. वायरलेसवर बोललेलं सगळ्या ठाण्यांना ऐकू जायचं. बाळापूरला माऊली बसलेला असायचा, नदीच्या वरच्या अंगाला बाबूसिंग. शिला त्यांच्याशी कशी मोकळी बोलायची! माऊलीला 'माऊलीभाऊ', बाबूसिंगला 'बाबूसिंगकाका'. देविदास मात्र नुसता 'धरण'. एवढं एक नाव तिच्या तोंडून कधी म्हणून यायचं नाही.

गुरुवारी तातेराव कळमनुरीच्या ऑफिसात डाक देऊन आला आणि सायकल टेकवायच्या आधीच बोलला.

"शिलाबाई नांदेडला चालली. बदली. सोमवारपासून तिच्या जागी दुसरं माणूस बसणार."

देविदास पर्जन्यमापक पुसत होता. पुसतच राहिला.

"ऐकून राहिलास का? बदली तिनं सोता मागून घेतली म्हणं."

"काहून?"

"काहून! तिला वाटत असंल, ह्या माणसाला आपलं काई पडलेलंच न्हाई. बराबर वाटतंय की तिला. मागल्या महिन्यात तिच्या भावाच्या घरी गेल्तास ना? काय दिवे लावले तिथं?"

"लालसिंगनं चहा पाजला. कापसावरल्या अळीचं बोलला. मी बी अळीचंच बोललो."

"अन् ती?"

"दाराआड हुती."

"मग?"

"मग काई न्हाई. उठलो. चप्पल घातली."

तातेरावनं कपाळावर हात मारला. "भल्या माणसा, अळी मारायचं औषध लालसिंगकडं पडलंय ढीगभर! ज्या कामाला गेल्तास ते बोलायचं ना! आता ती नांदेडला गेली की हा आवाज बी गेला. मग पट्टी वाचून कुणाला सांगशील? मला?"

त्या रात्री देविदासनं चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि चारही फाडल्या. कागदावर नुसतं तिचं नाव जरी लिहिलं तरी पुढचं सुचत नव्हतं. त्याला तिची फार आठवण येत होती. आठवण येते एवढं साधं वाक्य, पण ते लिहायचीसुद्धा त्याला लाज वाटली. अशा माणसाचा राग यावा की कीव, हे तातेरावलाही ठरवता आलं नव्हतं.

शनिवार उजाडला. शिलाचा कळमनुरीतला शेवटचा दिवस. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता आणि धरण काठोकाठ आलं होतं. देविदासनं नवा सदरा घातला.

"धरण, धरण, कळमनुरी. पातळी सांगा. ओव्हर."

"चारशे चाळीस दशांश आठ शून्य. पाऊस चौतीस मिलिमीटर. ओव्हर."

आज तो पाऊस विसरला नाही. तिकडे पेन थांबल्यासारखं वाटलं.

"आणखी काही?" शिलानं विचारलं. मग जरा थांबून, हळू आवाजात, "ओव्हर."

देविदासनं बटण दाबलं. तातेराव उठून उभा राहिला.

"हाय," देविदास म्हणाला. "तू नांदेडला जाऊ नको. मला तुझ्याबिगर करमत न्हाई. ओव्हर."

यंत्र नुसतं खरखरत राहिलं. मग मधेच एक आवाज घुसला.

"धरण, बाळापूर बोलतोय," माऊली म्हणाला. हसू दाबताना त्याला भारी तकलीफ होत होती. "संदेश अर्धाच आला. पुन्हा सांगा. ओव्हर."

संदेश नीट पोचला नाही तर पुन्हा सांगायचा, हा नियमच होता. आणि नियम देविदासनं आजवर कधी मोडला नव्हता. तो ताठ उभा राहिला आणि पातळी सांगावी तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलला.

"तू. जाऊ. नको. मला. करमत. न्हाई."

तातेरावनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मग शिलाचा आवाज आला. भरून आलेला, पण स्वच्छ.

"धरण, कळमनुरी. संदेश दोन्ही बारीला मिळाला. नऊ वर्षं संसार केला तुमच्यासंगं, पण हे तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकून राहिले. सांजच्या गाडीनं लेकराला घेऊन भावाच्या घरून आपल्या घरी येते. ओव्हर."