भुईचाफ्याची कुंडी

सासूबाई रोज सकाळी मागच्या पडवीतल्या कुंडीत ओंजळभर पाणी घालत. वर नुसती माती दिसायची. "भुईचाफा झोपलाय गं. चैत्रात पानांआधी फूल येईल. माझ्या आईने लग्नात दिलेला कंद आहे."

मी मान डोलवायची. पौषात त्या कुंडीत गोम दिसली होती. रांगणाऱ्या चिनूच्या धास्तीने मी ती उकिरड्यावर उपडी करून नवी माती भरली. आल्यासारखे तुकडे पडले, ते मला सडके वाटले.

पाडवा जवळ आला. शेवटी म्हटलं, "आई, त्यात कंद नाहीत. मी फेकले."

"ठाऊक आहे. त्याच दिवशी उचलून पेरूखाली लावले. चिनू पोचत नाही तिथे."

"मग इथे रोज पाणी?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. तीन महिने लावलेस, बाई!"