हिरवा बाण

"तुम्ही शब्द दिला होता, सर. लाँड्रीतल्या बायकांसमोर उभं राहून दिला होता. आणि आज चहा थंड व्हायच्या आत गिळून टाकलात!"

पोरगी हे बोलली. सरांचा कप हातातच राहिला.

भिंतीवर प्रोजेक्टरच्या उजेडात तिचंच चित्र अजून झळकत होतं. इंटर्नशिपचे आठ आठवडे, म्हणजे अख्खी उन्हाळ्याची सुट्टी, ती इस्पितळाच्या लाँड्रीत वही घेऊन बसली होती. सात बायका, ओल्या चादरींचे गठ्ठे आणि वाफ. त्यांना आपसात काम वाटून घेता यावं, पाळ्या बदलता याव्यात, असं सॉफ्टवेअर बनवायचं होतं. तेही बायकांना विचारून, त्यांच्यासोबत बसून. सरांचं संशोधनच ते. बायका आधी तोंड उघडेनात. सातजणींतली एक पोरीची सख्खी मावशी, तीसुद्धा हूं की चूं करेना. तेव्हा सर म्हणाले होते, "इथलं काही साहेबांपर्यंत जाणार नाही. माझा शब्द." मग बायका बोलल्या. पोटातलं सगळं बोलल्या.

मावशीचा मणका दोन वर्षांपूर्वीच कामातून गेलेला. तिच्या वाटणीचे गठ्ठे पैलवान उचलते. पैलवान म्हणजे मावशीची जोडीदारीण, दारातून तिरकी होऊन आत येणारी बाई. तिला जवळचं दिसत नाही, म्हणून तिच्या चादरींवरचे वॉर्डाचे शिक्के मावशी वाचते. नोंदवहीत दोघींचंही काम पुरं. आजवर एकही चादर चुकीच्या वॉर्डात गेली नव्हती. पोरीला हे इतकं आवडलं की तिने ते चित्रात घातलं. नावं गाळली. 'क'कडून 'ख'कडे एक जाड हिरवा बाण, त्यावर 'गठ्ठे उचलते'; 'ख'कडून 'क'कडे दुसरा, त्यावर 'शिक्के वाचते'. खाली लिहिलं, 'खरं सहकार्य'.

आज ते दाखवायचा दिवस. मावशी आणि पैलवान मागच्या रांगेत, गळ्यात 'सह-रचनाकार' असे बिल्ले. आणि पहिल्या रांगेत, सरांनी आग्रहाने बोलावलेले, इस्पितळाचे साहेब.

बाण बघून साहेबांना आधी हसू आलं. "हा 'क' म्हणजे आपली पैलवानच की! आणि 'ख' तिची जोडीदारीण." मग हसू विरलं. "म्हणजे एकीला उचलता येत नाही, एकीला दिसत नाही, आणि जागा दोन अडवल्यात. उद्या सकाळी दोघींची तपासणी. नापास होईल ती घरी." त्यांनी मोबाईलवर चित्राचा फोटो घेतला, सरांशी हात मिळवला, "फार उपयोगी काम" म्हणाले आणि गेले.

"मी कसला शब्द मोडला?" सर आता बोलले, वर्गात शंका सोडवावी तसे. "एक तरी नाव गेलं का माझ्या तोंडून? नुसती अक्षरं होती."

"सात बायकांत अक्षरं कुणाला लपवणार, सर? आणि साहेबांना बोलावलं कुणी?"

"जागा त्यांची. उद्या सॉफ्टवेअर घेणार तेच. त्यांना न दाखवून कसं चालेल?" सरांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि तो बाण कुणी काढलाय? मी तर म्हणतो, सगळ्या कामात तोच उत्तम. प्रमाणपत्रात तसं लिहीनसुद्धा."

पोरीने भिंतीवरच्या बाणाकडे पाहिलं. साहेब आत आले तेव्हा तिने त्यांना पाहिलं होतं. एक बटण दाबून ते पान वगळता आलं असतं. तिने वगळलं नाही. तिचं सगळ्यात चांगलं पान होतं ते.

मागे खुर्ची सरकली. पैलवान मावशीच्या काखेत हात घालून तिला उठवत होती, रोज गठ्ठा उचलते तशी.

"चल गं बाई," पैलवान म्हणाली, "आज उचलते तुला. उद्यापासून तुझं तू बघ आणि माझं मी चाचपते."

मावशी पोरीसमोर येऊन थांबली.

"मावशी, मी फक्त..."

"रडू नकोस. रडायला तुला अख्खं आयुष्य आहे, मला उद्या सकाळी सातला हजर व्हायचंय." तिने गळ्यातला बिल्ला काढून पोरीच्या हातात ठेवला. "सकाळपासून तीनदा वाचलं मी हे. आठ आठवडे तू मला विचारत होतीस. पाणी कुठे पिता, दम कधी लागतो, कोण कुणाशी बोलत नाही. सगळं सांगितलं ना मी?"

पोरीने मान हलवली.

"मग हे भिंतीवर लावू का, एवढं एकच तेवढं विचारायचं राहिलं? तुझ्या सरांचं राहू दे. तू सांग. का नाही विचारलंस?"