बेवारस पदक

जुन्या लढाईत कामी आलेल्या एका शिपायाचं पदक वारस न सापडल्यामुळे पोस्टात पडून होतं. तिथल्याच एका निवृत्त पोस्टमननं चार महिने चपला झिजवून त्याचं घर शोधून काढलं आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं.

दार उघडणाऱ्या बाईंसमोर त्यानं शिपायाचं नाव घेतलं मात्र, त्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं. चौकट धरून त्या कशाबशा म्हणाल्या, "काय झालं माझ्या मुलाला? भाऊ, एकदाच काय ते सांगून टाका."

"मुलाचं नाही हो, हे फार जुन्या लढाईतलं!" त्यानं घाईघाईनं पदक पुढे केलं.

"म्हणजे माझे सासरे!" बाई रडता रडता हसल्या. "आजोबांचंच नाव ठेवलंय नातवाला. तोही लढाईवर आहे, महिनाभर पत्र नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय. बसा, चहा टाकते."

चहा पिऊन तो जिना उतरला, तर खाली दोन लष्करी अधिकारी टोप्या काखेत धरून उभे होते. त्यांनी तेच नाव घेऊन घर विचारलं. पोस्टमननं एकदा वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.



चाळीस वर्षांत एकही पत्ता न चुकलेल्या त्या माणसानं रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे बोट दाखवलं.